काच बदलायची का?

लातूरच्या गंजगोलाईच्या गर्दीत माझ्या स्कूटीपुढे एक टेंपो अडकला होता, आणि त्या टेंपोत मला मीच दिसत होते. स्कार्फ, घामेजलेलं नाक, कपाळावरची आठी... सगळं. कुणाचं तरी जुनं ड्रेसिंग टेबल चाललं होतं आणि त्याचं तोंड नेमकं माझ्याकडे होतं. आरसा समोर असल्यावर कोण सोडतं? मी बट कानामागे सारली. तेवढ्यात आरशाच्या डाव्या कोपऱ्यात चिकटलेली एक मरून टिकली दिसली. वर लाकडात कोरलेला मोर होता, आणि त्या मोराला चोच नव्हती.

ती चोच मीच मोडली होती, तिसरीत असताना, दप्तर अडकवून. आणि ती टिकली माझ्या अव्वाची, माझ्या आईची होती.

अव्वा झोपायच्या आधी टिकली काढून आरशाला लावायची आणि सकाळी अंघोळ झाली की तीच परत कपाळाला. आमच्याकडच्या सगळ्याच बायका असं करतात, पण फक्त आपल्या घरच्या आरशाला. पाहुणी गेलेली बाई टिकली पर्समध्ये ठेवेल, पलंगाला लावेल, पण दुसऱ्याच्या आरशाला नाही. गेल्या वर्षी अव्वाला पहाटे दवाखान्यात नेलं तेव्हा टिकली तशीच आरशावर राहिली. अव्वा काही परत आली नाही.

ते टेबल जळकोटजवळच्या आमच्या गावी, दादाच्या घरात असायला हवं होतं. मग ते लातुरात काय करत होतं?

मी हॉर्न वाजवत टेंपोला चिकटले. मागे एकजण आरसा दोन्ही हातांनी धरून बसला होता. त्याच्या भुवयांवर लाकडाचा भुसा होता.

"ओ मॅडम, आरसा बघायचाय का टेंपोत घुसायचंय?"

"हे टेबल कुठून चोरलंत?"

"चोरीचा माल कुणी असा दिवसाढवळ्या गोलाईतून मिरवत न्हेतंय का?" तो हसला. "या मागं मागं. नांदेड रोडला कारखाना हाय माझा. तितं भांडू तसल्लीनं."

मी गेले. कारखान्याच्या दारातूनच वहिनीला फोन लावला.

"अगं शिवगंगा, मला वाटलं ह्यांनी तुला इचारलं असंल," अंजूवहिनी रडवेली झाली. "अन् ह्यांना वाटलं मी इचारलंय. नवीन कपाटाला आरसा आला, म्हणून जुन्या सामानवाल्याला देऊन टाकलं गं..."

आता कुणावर चिडणार? मी त्या भुसावाल्यावरच चिडले. त्याचं नाव मल्लिनाथ. जुनं सागवानी फर्निचर घेऊन दुरुस्त करायचा त्याचा धंदा होता.

"मला हे परत पाहिजे. काय असेल ते सांगा."

"हे इकायचं न्हाई." त्यानं मोराच्या मानेवरून बोट फिरवलं. "हे लग्नासाठी घेतलंय."

"कुणाच्या?"

"माझ्याच की."

अभिनंदन म्हणताना मी त्याच्याकडे बघायचं का टाळलं, देव जाणे. त्याला ओळखून मला अर्धा तासही झाला नव्हता.

आमच्याकडे आधी सुपारी फुटते, म्हणजे लग्न पक्कं होतं, मग मुलीकडचे आंदणाला ड्रेसिंग टेबल घेतात. इथे तर नवरदेवच घेऊन बसला होता! म्हणजे सुपारी केव्हाच फुटली असणार, मांडव घालायचाच काय तो बाकी असणार.

"निदान..." मी आरशाकडे बोट केलं. "निदान ही काच बदलू नका."

"पारा उडालाय की. डाग बगा किती."

मग मी त्याला टिकलीचं सांगितलं. हातातलं फडकं त्यानं हळूच खाली ठेवलं.

"काच बदलायची का न्हाई," तो म्हणाला, "हे ह्या आरशात जी बघणार हाय, तिनं सांगायचं."

"मग विचारा तिला!"

"इचारतो की. येळ आली की इचारतो."

त्या रविवारी काच बदलली की काय बघायला मी गेले. मग पुढच्याही रविवारी गेले. श्रावण होता. पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि मल्लिनाथ म्हणायचा, "आज बी पॉलिश न्हाई. दमट हवेत मारलं की पांढरं पडतंय." त्याची आई, मल्लम्मा, शेजारच्याच घरातून चहा आणायची आणि मला हुकूम सोडायची, "पाऊस हाय, बस गपगुमान." मी बसायची. लातुरात लोक पाण्यासाठी पाऊस मागतात. मी मात्र, खरं सांगते, पॉलिश लांबावं म्हणून मागत होते.

"तुमच्या त्या कोचिंग क्लासमधी काय शिकवता?" एकदा त्यानं विचारलं.

"बायोलॉजी. हृदय कसं चालतं ते."

"मग सांगा की. एकाएकी जोरात कामून चालतंय?"

"पळाल्यावर. घाबरल्यावर. ताप आल्यावर."

"मी तर बसून राहिलोय," तो घासकागद फिरवत म्हणाला. "ताप असंल मग."

मी कप तोंडाला लावला. कप रिकामा होता. हा दुसरीशी लग्न करणार आणि माझ्याशी असं बोलणार? मला त्याचा राग यायचा आणि रविवार यायच्या आत मावळायचा. त्या न पाहिलेल्या मुलीचा राग मात्र मावळत नव्हता. ती अव्वाची टिकली नखानं खरवडून काढताना मला स्वप्नातसुद्धा दिसायची.

मग एका रविवारी ऊन पडलं. लख्ख, निर्लज्ज ऊन. आज पॉलिश होणार, टेबल त्या मुलीचं होणार. टिकलीला शेवटचं बघून यायचं आणि परत या रस्त्याला फिरकायचं नाही, असं ठरवून मी निघाले.

टेबल कारखान्यात नव्हतं. मल्लम्मा म्हणाली, "घरात हाय, जा आत." म्हणजे तिच्यासाठी घरात लागलंसुद्धा...

खिडकीजवळ ते उभं होतं. मधासारखं चमकत होतं. मोराला नवी चोच बसली होती. आरशावर मात्र चादर टाकलेली होती आणि मला ती ओढायचा धीर होईना.

"नवी चोच जराशी फिकट हाय," मल्लिनाथ मागून म्हणाला. "रंग धरायला वर्षं लागत्याल. बघायला घरात कुणीतरी पायजे."

"आहे की तुमची होणारी बायको!" माझा बांध फुटला. "तिला विचारलंत काचेचं? का सुपारी फुटली की त्या मुलीला बोलायचीही बंदी असते तुमच्यात?"

"कुणाची सुपारी?"

"तुमची!"

"अजून आणली बी न्हाई." तो माझ्याकडे बघतच राहिला. "अवो, आमच्या घरात आंदण घेतच न्हाईत. माझ्या आप्पांनी बी घेतलं न्हाई. आरसा पोरानं सोता करायचा, मग पोरगी बघायची. माझ्या अव्वाचा आरसा त्यांनी असाच केला. त्या दिवशी मी नुसता आरसा घेऊन निघालो होतो... पोरगी टेंपोमागंच आली हॉर्न वाजवत."

इतके रविवार मी नसलेल्या मुलीवर जळले होते! हसू आणि रडू एकदमच आलं आणि छातीवरचा मोठा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला.

"तुम्ही म्हणाला होतात तिला विचारणार. वेळ आली की..."

"आत्ता इचारायलोय की." त्यानं चादर ओढली. "काच बदलायची का?"

तीच काच होती. तेच डाग, आणि कोपऱ्यात अव्वाची टिकली. भोवतीची धूळसुद्धा त्यानं टिकलीला धक्का न लावता पुसली होती. त्या डागाळलेल्या काचेत आम्ही दोघं दिसत होतो, तो श्वास रोखून उभा, आणि मी नाक लाल झालेली.

बाहेरून मल्लम्मा ओरडली, "काय म्हणली रे?"

"अजून काहीच न्हाई, अव्वा!"

मी माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि अव्वाच्या टिकलीखाली, त्या आरशाला, अंगठ्यानं दाबून लावली.