सरदारचा आकडा

बोंगाळे वकिलांनी फाटक उघडलं नाहीच, वर ते आत खुर्ची मांडून ऐसपैस बसले. आकडा दाखवा आणि खुशाल कुत्रा न्या, असं त्यांनी गजांआडूनच हेमलता वाघचौरेला सुनावलं. प्राणीरक्षण अधिकारी म्हणून सहा वर्षं काढलेली बाई ती. असले नग तिने बरेच पाहिले होते.

तिच्या हातातल्या यंत्रावर आकडा होता अडतीस. 'सामान्य.' आणि हा सामान्य कुत्रा, सरदार, फाटकाच्या खांबाला साखळीने बांधलेला. बरगड्या वर आलेल्या, मागच्या पायाच्या जखमेवर माश्या, पाण्याच्या भांड्यात शेवाळ.

पूर्वी अधिकारी हे डोळ्यांनी बघून आत शिरत आणि मग कोर्टात बोंगाळ्यांसारखे वकील त्यांची सालटी काढत. म्हणून प्रत्येक पाळीव कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी त्रासमापी आली. ती हृदयाचे ठोके आणि रक्तातली ताणाची रसायनं मोजते. त्या कुत्र्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा आकडा चाळीसने चढला, तरच अधिकाऱ्याला मालकाला न विचारता फाटक ओलांडता येतं. एरवी कुत्रा डोळ्यांदेखत मेला तरी नाही.

सरदारची सरासरीच अडतीस होती. चार वर्षं साखळीला. याहून वेगळं काही असतं हेच त्या जिवाला ठाऊक नव्हतं, मग आकडा चढणार कशाने? जनावरांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं होतं, आठवडा निघाला तर नशीब.

हेमलताने निदान पाणी पाजू द्या म्हटलं. बोंगाळे हसले. पाजा की, हात गजांतून घाला. पाय आत पडला तर नोकरी घालवीन, म्हणाले. मेला माजोरडा, असं मनात म्हणत ती फाटकाशी खाली बसली.

पाणी पाजलं. डब्यातला दहीभात भरवला. तिने हात पुढे केला तेव्हा सरदारने मार खायला मान खाली घातली. तिने कानामागे खाजवलं. बराच वेळ तो ताठच होता, मग हळूहळू त्याने नाक तिच्या तळहातावर टेकलं आणि डोळे मिटले. आकडा तीस, बावीस, चौदावर आला. बघा कसा मजेत आहे, असं बोंगाळ्यांनी खुर्चीतून सांगितलं.

मग हेमलता उठली. आपण काय करतोय हे तिला पक्कं माहीत होतं आणि स्वतःची किळस आली होती. पाठ फिरवून ती गाडीकडे चालू लागली. मागे साखळी एकदा खणकली, पुन्हा खणकली आणि चार वर्षांत न भुंकलेला तो कुत्रा गळा काढून रडू लागला. ती थांबली नाही.

एकेचाळीस. साठ. त्र्याऐंशी. लागत होते अठ्ठ्याहत्तर.

तिच्या गाडीच्या चालकाने फाटकाचं कुलूप तोडलं, साखळी कापली. बोंगाळ्यांचा चेहरा उतरला होता, जीभ मात्र शाबूत होती.

"हा त्रास तुम्ही दिलात, बाई. माझ्याकडे तो अडतीसवर सुखात होता."

"हो. कोर्टात सांगा," ती म्हणाली.

गाडीत सरदार थरथरत तिच्या मांडीवर पडला होता. तिचा हात त्याच्या डोक्यावर होता, म्हणून आकडा वीसवर उतरला होता. समोरच्या पडद्यावर पंचनाम्यातला शेवटचा रकाना मोकळा होता: त्रास कोणामुळे झाला? तिथे अधिकाऱ्याचं नाव आलं, तर संध्याकाळपर्यंत कुत्रा मालकाकडे परत. तसा नियमच होता. आणि उत्तर शपथेवर द्यायचं होतं.

तिने एका दमात 'बोंगाळे' लिहिलं. लिहिण्यासाठी हात सरदारच्या डोक्यावरून उचलावा लागला आणि तेवढ्यात आकडा पुन्हा साठावर गेला.

हे साठ आता कोणाच्या नावावर लिहायचे?