इझबासारकाकांनी खरवडलेली खूण

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलं. आमच्या मांगिस्ताऊ प्रांतातल्या माळावर, तीन वर्षांपूर्वी, ऑगस्टातल्या एका गुरुवारी.

आणि तेही भर दुपारी.

इझबासारकाका कबरींचे दगड घडवायचे. चाळीस वर्षं छिन्नी चालवून पाठीचा पार भुगा झाला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा झोलामान. तो जाऊन शुक्रवारी वर्ष होणार होतं. वर्षाच्या आत कबरीवर दगड उभा राहायलाच हवा, आणि काकांचा हात चालेना.

बालझानकाकू वर्षभर धड झोपली नव्हती.

"अहो, सगळ्या गावाचे दगड झाले. पोराचाच तेवढा राहिला?"

"होतो गं आज. जीव नको खाऊस."

खाणीतून नवा दगड काढायचं त्राण नव्हतं. माळावर एक आयती शिळा पडली होती. सरमातियन नावाच्या जुन्या भटक्या लोकांची, दोन हजार वर्षांपूर्वीची. तिच्यावर त्यांच्या कुळाची खूण... एक कडं, त्याला दोन शिंगं.

दुसऱ्याच्या कुळाच्या खुणेला आमच्याकडे कोणी छिन्नी लावत नाही. काकांना हे माहीत होतं. पण ते फार थकले होते.

त्यांनी ती खूण खरवडली. तिथे आमच्या आदाय कुळाचा बाण कोरला. खाली मुलाचं नाव. मग छिन्नी खाली ठेवली.

टक... टक...

आवाज चालूच होता.

माळावर चिटपाखरू नव्हतं. काकांनी शिळेवर हात ठेवला.

ठोके आतून येत होते...

ते तडक घरी आले. काकू चहा ओतत होती. चेहरा ताजातवाना, छान झोप झाल्यासारखा.

"झाला बाई दगड," काका म्हणाले.

"कोणाचा?"

"कोणाचा काय? झोलामानचा!"

"कोण झोलामान?"

"अगं, आपला मुलगा..."

"उन्हात डोकं फिरलंय तुमचं. आपल्याला कुठे मूलबाळ झालं?"

काका कब्रस्तानात धावले. आजोबांची कबर होती. तिच्या शेजारी...

सपाट जमीन. वाळलेलं गवत.

मग ते शिळेपाशी गेले. ठोके थांबले होते. बाण नव्हता, नाव नव्हतं. कडं आणि दोन शिंगं, जशीच्या तशी.

काकूला त्यांनी पुन्हा काही सांगितलं नाही. त्या रात्री ती घोरत होती. तिला परत कशाला रडवू, म्हणाले.

मला मात्र सगळं सांगतात. मी खूप ताण देतो, पण असा चुलतभाऊ मला आठवत नाही.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो. काकूनं चहाच्या वाट्या मांडल्या. माणसं तिघं...

वाट्या चार.

"काकू, चौथी कोणाची?"

ती वाटीकडे बघत राहिली.

"कोण जाणे रे... हात आपोआप मांडतो."

काका उठून बाहेर गेले. काकूनं ती वाटी भरली आणि तिच्यात चार चमचे साखर घातली. त्या घरात साखर कोणीच खात नाही.