तीनशे अकरा घरं आणि एक रिकामा पाट

माझी सून अन्विता हुशार आहे, पण तिला विचारायची सवय नाही. माझ्याच घराच्या भिंतीत तिने कान बसवले. तीन वर्षं माझं बोलणं, भांडणं, फुरंगटणं सगळं टिपलं आणि त्यातून माझी प्रतिवक्ती तयार करून ठेवली. मला कळलं थेट नोंदणीच्या सकाळी.

प्रतिवक्ती म्हणजे संगणकात राहून आपल्या वतीने बोलणारी. आता सरकारी कामाच्या खिडकीपाशी माणूस जात नाही, घरटी एक असली प्रतिवक्ती जाते. आपल्यासारखीच बोलते आणि आपल्यासारखीच वागते.

"विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता, आई."

"मग म्हणू द्यायचं होतंस."

हे बोलणं झालं खाडीच्या तळाशी, तिच्या सेवाकेंद्रात. समुद्राच्या पाण्याने गार ठेवलेले चारशे सर्व्हर, काचेपलीकडे मासे, आणि अन्विता तिथली मुख्य. घरात भरतीचं पाणी गुडघ्याला लागलं होतं, म्हणून मला सोबत आणलेलं. आमचं नांदखार बुडत चाललंय. किनाऱ्यावरची बेचाळीस गावं तरंगनगरात हलायची होती. नोंदणी दहा ते बारा, दोनच तास. गाव एकत्र नोंदलं गेलं तर सगळ्यांची घरं एका वस्तीत. नाही तर ज्याला जिथे मिळेल तिथे. सत्तर वर्षांची शेजारीण एका टोकाला आणि मी दुसऱ्या.

दहा वाजता नोंदणीचं दार उघडलं. बाहेर वीस हजार प्रतिवक्त्या. गावं उत्तरेकडून घ्यायची होती, त्यामुळे पहिलं आमचंच. ते काही पुढे सरकेना आणि मागची एकेचाळीस गावं ताटकळली.

अन्विताने आणखी चारशे सर्व्हर जोडले. काही नाही. आणखी हजार. तरी काही नाही.

"डिस्क मंदावली असणार," तिचे वरिष्ठ डॉ. टिळेकर म्हणाले. केस पिकलेले, पण पायात बूट लहान पोरासारखे लाल.

"डिस्क मोकळी आहे, सर. तारही मोकळी. भारमापक बघा, सर्व्हर शंभरात तीन भागसुद्धा राबत नाहीत."

"म्हणजे काम नाही, आणि काम उरकतही नाही?"

"हो. दमलेला सर्व्हर तापतो. हे गार पडलेत. कोणीतरी कशाची तरी वाट बघतंय."

साडेअकरा झाले. माझ्याने राहवेना.

"अगं, जेवणं अडलीत की वाढप अडलंय?"

"आई, आत्ता नको."

"आत्ताच. हळदीच्या पंगतीत भात वाढलेला असतो, आमटी वाढलेली असते, वाढपी हात बांधून उभे. का? केण्यांच्या घरची मोठी बाई पाटावर बसल्याशिवाय नांदखारात कोणी घास उचलत नाही. तू वाढपी वाढवत बसलीयस."

अन्विताने गावच्या प्रतिवक्त्यांचं आपसातलं बोलणं पडद्यावर उघडलं. तीनशे अकरा घरं, आणि प्रत्येकीचं एकच: 'चांगुणा काकी बसल्या का?'

चांगुणा केणी म्हणजे मी.

"या बाईंची प्रतिवक्ती वगळा," टिळेकर म्हणाले.

"मग बाकीच्या जन्मभर वाट बघतील, सर. त्यांना काकीच हव्यात."

"आहे कुठे ती?"

दारातच होती. दहा वाजल्यापासून उंबऱ्याबाहेर उभी, आत यायला तयार नाही. मी पडद्यापुढे गेले. माझीच ना ती, माझं ऐकणार नाही तर कोणाचं?

"ए बाई, आत जा आणि बस. गाव खोळंबलंय."

पडद्यातून माझाच आवाज आला. "तू कोण सांगणारी? बोलावल्यावाचून जाऊन बसायला मी काय उपाशी आहे?"

टिळेकरांना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. पुतण्याच्या लग्नात हेच वाक्य मी अख्ख्या मांडवाला ऐकवलं होतं, आणि बोलवायला माणूस येईस्तोवर दीड तास बाहेर उभी होते.

"अकरा बावन्न," टिळेकर म्हणाले.

"तिला यजमानीण लागते," मी अन्विताला म्हटलं. "हे केंद्र तुझं. यजमानीण तू. सांगितल्यासारखं नको, बोलावल्यासारखं बोल."

अन्विता खुर्चीतून उठली. गळ्यातलं ओळखपत्र बाजूला सारलं आणि पडद्यापुढे उभी राहिली.

"काकी, माझं चुकलं. आधीच यायला हवं होतं मी. पाट मांडलाय, तुमच्यावाचून सगळे थांबलेत. चला, आत या."

मग माझा आवाज, जरा तोऱ्यातच: "आता कसं!"

तीनशे बारा घरं चार सेकंदांत नोंदली गेली. एक वस्ती, लागून लागून दारं. त्यांच्या मागून एकेचाळीस गावं धो धो आत शिरली, सर्व्हर पहिल्यांदा तापले, काचेपलीकडे पाण्याला बुडबुडे आले. बाराला एक मिनिट असताना दार मिटलं तेव्हा बाहेर कोणी उरलं नव्हतं.

अन्विताने ओळखपत्र पुन्हा सरळ केलं. "चौदाशे सर्व्हर उगाच जोडले मी, आई. बिघाड नेमका होता तरी कुठे?"

"बिघाड कुठेच नव्हता," मी म्हटलं. "तू मला न विचारता घेतलंस आणि जशीच्या तशी घेतलंस. एवढं मोठं काम काढलं होतंस, तर जरा कमी हट्टी सासू बघायची होतीस."