चवीचा रकाना

पुण्यातल्या त्या प्रयोगशाळेत भिंतीएवढ्या पडद्यावर हेमलता दुसानेचं जठर संथपणे हलत होतं. स्वतः हेमलता तेव्हा नाशिकला, आपल्या पुरणपोळीच्या कारखान्यात होती. पडद्यावर होती ती तिची जठरछाया, म्हणजे तिच्या पोटाची संगणकात उभी केलेली प्रतिकृती. माणसाने काय खाल्लं ते रोज नोंदवायचं, दंडावरच्या चकतीने रक्तातली साखर कळवायची आणि दोन्हींचा मेळ घालून छायेने पोटात काय चाललंय ते सांगायचं, अशी ती योजना होती.

"सोमवारी पोट उघडावंच लागणार," डॉ. फिरोज तांबोळी म्हणाले. दीड वर्षापूर्वी वजन उतरवण्यासाठी हेमलताच्या आतड्याचा रस्ता त्यांनीच आखूड केला होता. "चाळीस किलो उतरल्या. आणि आता रोज दहा वाजता भोवळ!"

"सकाळी मुगाचं एक धिरडं, बास," छाया घडवणारी डॉ. इरा सबनीस म्हणाली. "तरी साखर झपाट्याने चढते. शरीर घाबरून भरमसाट इन्शुलिन सोडतं आणि साखर तळाला जाते. एवढ्याशा धिरड्याने हे होत असेल, तर जोडणीतच खोट आहे. मधे एखादा दिवस बरा जातो, पण छायेने तो अपवाद म्हणून सोडून दिलाय."

जोडणी उलटवायची म्हणजे चाळीस किलो परत येणार. गेल्या महिन्यात हेमलता मुलीबरोबर ब्रह्मगिरी चढून गेली होती आणि वरून तिने तांबोळींना फोटो पाठवला होता. तो त्यांनी अजून पुसला नव्हता.

"तिच्या त्या गटात कुणी काही सुचवलं नाही?" त्यांनी विचारलं.

'अर्धी पोळी' हा अशी शस्त्रक्रिया झालेल्या बारा हजार लोकांचा ऑनलाइन गट. पूर्वी तिथे नुसता धुमाकूळ असे. जेवताना पाणी प्यावं की नाही यावरून सुरू झालेला वाद एकमेकांची अक्कल काढेपर्यंत जाई. भोवळीला गूळपाणी हाच उपाय आणि गूळ हेच कारण, असे दोन तट तर कायमचे पडलेले. शेवटी इराने गट छायांना जोडला. कुणीही सल्ला दिला, की तो आधी वाचणाऱ्याच्या छायेवर चालवून पाहिला जाई, आणि लागू पडत नसेल तर त्याला तो दिसतच नसे. भांडणं बंद झाली आणि डॉक्टर मंडळींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"लागू पडण्यासारखं कुणी काही सुचवलेलं नाही," इरा म्हणाली.

बुधवारी सकाळी सातला नाशिकच्या कारखान्याच्या दारात पोतनीस बाई उभ्या राहिल्या. साताऱ्याच्या शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका. शस्त्रक्रियेला सहा वर्षं झालेली, त्यामुळे गटातल्या ज्येष्ठ. नाकावर कोरा चष्मा. अकरा वाजले की नजर गरगरते, म्हणून यंदाचा हा तिसरा. एकेकाळी गटात हेमलता आणि त्यांच्यातून विस्तव जात नसे.

"बाई? तुम्ही? इकडे कुठे?"

"सतरा वेळा लिहिलं तुला, की तू गोड खातेस म्हणून. एका ओळीचं उत्तर नाही. म्हटलं, वर्गातच जाऊन बघावं."

"मला काहीच दिसलं नाही हो!"

"दिसेल कसं? त्या यंत्राच्या लेखी मी निरुपयोगी ना," बाई म्हणाल्या. त्यांना ते फार लागलं होतं.

"पण बाई, देवाशपथ सांगते, दीड वर्षात गोडाला शिवले नाही मी."

बाई स्टूल ओढून बसल्या. नऊ पातेल्यांत पुरण शिजत होतं. हेमलता बोलता बोलता या पातेल्यातलं बोटभर तळहातावर घेई, चाटे, "वेलची कमी आहे गं," म्हणे आणि पुढच्या पातेल्याकडे वळे. नऊ वाजेपर्यंत बाईंनी एकवीस बोटं मोजली. दहाला हेमलता भिंत धरून मटकन खाली बसली. बाईंनी आधी तिला साखरपाणी पाजलं, कारण त्या घटकेला औषध तेच होतं. गूळपाणीवाल्या तटाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं तर, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. उघडपणे नाही.

दुसऱ्या दिवशी दहा वाजून गेले, साडेदहा झाले. हेमलता पोळ्या लाटतच होती.

"आज भोवळ नाही?"

"गुरुवारी नसतेच. गुरुबळ आहे माझं, बाई."

"गुरुबळ कसलं डोंबलाचं! आज पुरण चाखलंस?"

"असं काय करता? मठाच्या नैवेद्याचं पुरण आहे हे. उष्टं कसं करीन मी?" हेमलता म्हणाली. आणि तिचं लाटणं जागच्या जागी थांबलं.

शुक्रवारी दोघी पुण्याला गेल्या. इराने एकवीस बोटं पुरण नोंदीत घातलं, तशी छायेची रेघ चकतीच्या रेघेवर तंतोतंत बसली.

"तुम्ही हे नोंदवलं का नाही?" तिने विचारलं.

"ते खाणं थोडंच आहे, मॅडम? ते तर काम आहे."

इरा खुर्चीत मागे रेलली. "चूक माझी आहे. माणूस ज्याला खाणं म्हणतो, तेवढंच छायेला कळतं. हिशेब जुळला नाही, की ती दोष शरीराच्या माथी मारते. आणि त्याच छायेवर पारखून मी बाईंचा सल्ला लपवला."

तांबोळींनी सोमवारची शस्त्रक्रिया रद्द केली. हेमलता रडली, मग हसली आणि चाखण्याचं काम तिने तिथूनच फोन करून मुलीवर सोपवलं.

नोंदवहीत नवा रकाना आला, चवीचा: 'ज्याला तुम्ही खाणं म्हणत नाही, असं आज तोंडात काय गेलं?' सगळे सल्ले पुन्हा सगळ्यांना दिसू लागले. 'तुमच्या नोंदीप्रमाणे लागू नाही' एवढीच ओळ खाली येई. भांडणं परत जुंपली. इराला ती आता वाचायला आवडू लागली.

पोतनीस बाईंनी रकाना भरायला महिना लावला. मग एका सकाळी, सरळ वळणाच्या माणसाला शोभेल अशी त्यांची चोख नोंद आली: 'रोज उपाशीपोटी तीन देवळं. मारुतीचा पेढा, दत्ताचे साखरफुटाणे, विष्णूचं पंचामृत. अर्थात, प्रसाद म्हणजे खाणं नव्हे.' इराच्या पडद्यावर बाईंच्या छायेची रेघ उंच चढली आणि बरोबर अकराला तळाला गेली.

बाईंनी ती नोंद गटातही टाकली होती. तिथे लगेच हेमलताचा संदेश झळकला. "बाई, तुम्ही गोड खाता."

"काहीतरीच काय! सहा वर्षांत गोडाला शिवले नाही मी," बाईंनी ठणकावलं. "चौथा चष्मा टाकलाय करायला."

हेमलताने जास्त वाद घातला नाही. तिने मुलीला हाक मारली, पातेली तिच्या हवाली केली आणि साताऱ्याची पहाटेची एसटी किती वाजता सुटते ते विचारायला ती बाहेर पडली.