दुपारी जाणारी नजर

"आप्पा, मला खरं सांगा. म्या सासूचे डोळे घालवले का?"

दारात उभ्या असलेल्या बाईनं बसायच्या आधीच हे विचारलं. तेरहून पहिल्या एसटीनं ती धाराशिवला आली होती, एकटी, घरात कुणाला न सांगता. नाव शिवकांता, वय पंचविशीच्या आतबाहेर. हात इतके कापत होते की बलभीमरावांनी दिलेलं पाणी निम्मं पदरावर सांडलं.

महालिंगप्पा पूर्वी पोलिसांत होते. खातं सोडून आता लोकांचे खाजगी तपास करत. बलभीमराव त्यांचे जोडीदार, निवृत्त तलाठी. माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात गोष्ट शिरायला त्याला जरा वेळ लागे. सगळं वहीत लिहून मात्र घेई.

"बस आधी," महालिंगप्पा म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

शिवकांता सांगू लागली. सासू मथुराबाई आणि धाकटी चुलतसासू सरुबाई, दोघींनाही मोतीबिंदू. थोरलीचं ऑपरेशन हिवाळ्यात धाराशिवच्या डोळ्यांच्या दवाखान्यात झालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तासभर एकामागून एक भिंगं लावून नंबर काढला, काड्या कानामागं स्वतः बसवून दिल्या. धाकटी बाहेरगावच्या फुकट शिबिरात ऑपरेशन करून आली. थोरलीच्या एका डोळ्यात दाब होता, म्हणून दुपारी आणि संध्याकाळी थेंब टाकायचे.

"डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. थेंब चुकले तर डोळा जाईल, आन् गेलेला परत यायचा न्हाय."

"थेंब कोण टाकतं?"

"दुपारी म्या. संध्याकाळी आमचे हे."

दहा दिवसांपासून आक्रीत चाललं होतं. सकाळी मथुराबाईंना लख्ख दिसे. दुपारी थेंब टाकून, चष्मा कोनाड्यात ठेवून त्या तासभर डोळे मिटून पडत. उठून चष्मा लावला की सगळं गढूळ. खांब वाकडे, उंबरा जागेवर नाही. संध्याकाळी तोंड धुऊन मुलाच्या हातचे थेंब घेतले की नजर पुन्हा हजर! परवा दुपारी तर त्या विहिरीच्या काठावरून पाऊल टाकतच होत्या. दुष्काळानं विहिरीत थेंबभर पाणी नव्हतं, खाली नुसता खडक होता. शेजारणीनं हात धरला म्हणून वाचल्या.

"तवापास्नं थेंबाची बाटली पेटीत कुलूपबंद केलीय त्यांनी. म्हंत्यात, सून दुपारी आंधळं करती आन् ल्योक संध्याकाळी डोळे देतो. आमचे हे बोलले, आज सांजच्यापर्यंत काय ते सांग, न्हायतर उद्या जळकोटला, माहेरी. कायमचं."

"आणि तुला स्वतःला काय वाटतं?"

शिवकांतानं पेला खाली ठेवला. जी भीती ती नवऱ्यालाही बोलली नव्हती, ती आता तोंडावर आली.

"कोनाड्यात दोन बाटल्या असत्यात. दुसरी बैलाच्या डोळ्याची, जनावरांच्या दवाखान्यातली. मला वाचाय येत न्हाय, आप्पा."

बलभीमरावांनी पेन्सिल थांबवून तिच्याकडं पाहिलं. ते पाहणंही तिला नकोसं झालं.

"थेंब बंद केल्यापासून दुपारी दिसतं?" महालिंगप्पांनी विचारलं.

"न्हाय. तसंच गढूळ. म्हंत्यात, इख अंगात भिनलंय."

"या दहा दिवसांत एखादी दुपार बरी गेली?"

"बाजाराच्या दिवशी गेली. लख्ख दिसतंय म्हनल्या."

"त्या दिवशी थेंब?"

"म्याच टाकले."

महालिंगप्पांनी टोपी चढवली. "बलभीमराव, छत्री घ्या. तेरला जायचंय."

*

एकोणीसशे त्र्याहत्तरचा तो उन्हाळा. दहा वाजताच अंगणातली माती तापली होती. मथुराबाई ओसरीवर बसल्या होत्या, नाकावर काळ्या काडीचा जाडजूड चष्मा. सून परक्या माणसांना घेऊन येताना दिसली तशा त्या भिंतीला सरकल्या. आपल्याला बघून सासू भिते, हे शिवकांताला मारापेक्षा जास्त लागलं.

"आत्ता कसं दिसतंय, मथुराबाई?"

"चांगलं. तुमच्या टोपीचा उसवलेला टाका दिसतोय."

"घराबाहेर कुठं जाता?"

"परवा विहिरीपतूर गेले तेवढंच. आता उंबऱ्याभाईर पाय टाकाय जीव धजत न्हाय."

महालिंगप्पांनी चष्मा मागून घेतला. बिजागरीत पांढरी भुकटी अडकली होती. ती त्यांनी नखानं काढून बोटावर चोळली. मग अंगणात जाऊन चष्मा उन्हात धरला, खाली कागद धरला आणि वरखाली करत राहिले. कागदावर उन्हाचा बारीक, झगझगीत ठिपका पडला. भिंग आणि कागद यांच्यात त्यांनी आडवी बोटं मोजली. सहा बोटं.

"कागद पेटवताय की काय?" बलभीमराव म्हणाले.

"लिहून ठेवा. सहा."

"सहा काय?"

"नुसतं सहा."

दुपारी सरुबाई भाकरी खायला आली. ती विधवा, याच घरात राहून दुष्काळी कामावर जायची. काम गावाच्या शिवेवरच होतं. तिच्याही डोळ्यांवर जाड भिंगं होती, आणि डाव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली.

"हाताला काय झालं?"

"हातोडा बसला. धा-बारा दिस झाले." तिनं हात पदराखाली घेतला.

"काम काय असतं?"

"सकाळी पाट्या वाहायच्या, दुपारपास्नं खडी फोडायची. बाजाराच्या दिवशी सुट्टी."

"तुमच्या जावेच्या डोळ्यांचं काय वाटतं?"

सरुबाईनं एकदा शिवकांताकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "मला अडाण्याला काय कळतंय?" एवढं बोलून ती भाकरीला बसली.

धाकट्या आत्याबाईंनाही आपलाच संशय, असं शिवकांताला वाटलं. तिनं रात्र-रात्र जागून त्यांचा अंगठा शेकला होता.

मथुराबाईंनी चष्मा कोनाड्यात ठेवला आणि आत आडव्या झाल्या. महालिंगप्पा एकाएकी उठले. "चल पोरी, तुझा नवरा कुठंय तिथं ने आम्हाला."

बाबू गुरांच्या छावणीत बैलाला कडबा टाकत होता. बायकोला बघून त्यानं तोंड फिरवलं.

"बैलाच्या डोळ्याची बाटली कधी उघडली?" महालिंगप्पांनी विचारलं.

"उघडायची गरजच पडली न्हाय. हितल्या डॉक्टरनं सुई दिली, डोळा बरा झाला." मग त्याचा आवाज चढला. "माझी आई विहिरीत जात होती, आप्पा! आन् मी दुपारभर हितं. घरात दुसरं हाय कोण हिच्याशिवाय?"

शिवकांताला वाटलं, इथंच जमीन फाटावी. बाटली उघडली नाही हे ती ऐकत होती, पण आपल्या हातावरचा तिचा विश्वासच उडाला होता. तीच बाटली घाईगडबडीत आपणच उघडली असेल तर?

तिघं परतले तेव्हा मथुराबाई दाराची चौकट चाचपडत उभ्या होत्या.

"कोण हाय? सगळं पान्यात बुडाल्यागत दिसतंय गं माय! आज तर थेंबबी न्हाय घेतले!" त्या रडत होत्या.

महालिंगप्पांनी अलगद त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला, अंगणात जाऊन उन्हात धरला, बोटं मोजली. "लिहा, बलभीमराव. आठ."

"सकाळी सहा होते. आता उन्हं कलली म्हणून आठ?"

"ऊन कितीही कललं तरी ती बोटं बदलत नाहीत," महालिंगप्पा म्हणाले. त्यांनी चष्मा मथुराबाईंना परत दिला आणि खांबाला टेकून टोपी डोळ्यांवर ओढली. "बाबूला सांजच्याला लवकर बोलवा. आणि तोवर यांचा हात सोडू नका."

हात कोण धरणार? शिवकांता पुढं झाली. सासूनं हात झटकला. मग बलभीमरावच दुपारभर म्हातारीचा हात धरून बसले.

*

दिवस मावळतीला आला. ऊन दारातून थेट आतल्या भिंतीवर पडलं होतं. बाबू आला, मागून सरुबाई आली. महालिंगप्पा दारात उभे राहिले, म्हणजे कुणाला आतबाहेर होता येईना.

"बाबूराव, आधी ही बघा बैलाची बाटली. बुचावरची लाख शाबूत आहे. शिवकांता, ही कुणीच उघडलेली नाही. तूही नाही."

शिवकांतानं बुचावरून बोट फिरवलं. ती खांब धरून खाली बसली.

"आता थेंब. बाजाराच्या दिवशी हिनंच थेंब टाकले, तरी नजर शाबूत. परवापासून थेंब बंद, तरी दुपारी गढूळ. म्हणजे थेंबांचा काही संबंध नाही. मग दुपारी बदलतं काय? मथुराबाई तासभर डोळे मिटतात. तेवढा वेळ चष्मा कोनाड्यात असतो. बिजागरीत पांढरी भुकटी होती. घराबाहेर न पडणाऱ्या बाईच्या चष्म्यात दगडाचा भुगा आला कुठून?"

बलभीमरावांनी वही चाळली. "पण आप्पा, सहा आणि आठ?"

"भिंग जेवढं जोरकस, तेवढा उन्हाचा ठिपका जवळ पडतो. एकाच भिंगाचा ठिपका सकाळी सहा आणि दुपारी आठ बोटांवर पडूच शकत नाही. चष्मे दोन आहेत. दिसायला एक, नंबर वेगळे." ते वळले. "सरुबाई, तुमचा चष्मा द्या."

सरुबाईनं पदर चष्म्यावर ओढला. मग तिनं चष्मा काढून दिला. महालिंगप्पांनी तो दारातल्या उन्हात भिंतीसमोर धरला. ठिपका पडला. बलभीमरावांनी स्वतः बोटं लावली आणि दोनदा मोजली. "सहा."

"ज्या दिवशी दुष्काळी कामाला सुट्टी, त्याच दिवशी मथुराबाईंना दुपारी दिसलं. दहा-बारा दिवसांपूर्वी अंगठ्यावर हातोडा बसला, आणि तेव्हापासूनच जावेची नजर जायला लागली."

सरुबाई मटकन खाली बसली. "म्या सांगनार व्हते," ती म्हणाली. "रोज सांगनार व्हते. शिबिरात घोंगडीवर चष्म्यांचा ढीग घातला व्हता. ज्याला जो पायजे तो घ्या म्हनले. नंबर कसला ते मला काय ठावं? आक्कासारखी काळी काडी दिसली, तीच उचलली. पाट्या वाहन्यापुरतं दिसायचं. दगड दिसंना. अंगठा चेचला तवा मुकादम म्हनला, आंधळ्याला काम न्हाय. पुन्यांदा काळोखात बसून तुमची भाकर खायाची, त्याची धास्ती घेतली म्या. आक्काचा लावून बघितला तर दगड दिसला. मग दुपारी आक्का पडली की तिचा उचलायची, माझा ठेवायची, आन् सांजच्याला बदलून ठेवायची, आक्काला रातचं दिसावं म्हनून."

"आन् मी विहिरीत जात होते तवा?" मथुराबाईंनी विचारलं.

"त्या दिसापास्नं घास उतरत न्हाय, आक्का."

"ही पोर घरातून जानार व्हती, तवाबी गप ऱ्हायलीस?"

सरुबाईनं डोकं जमिनीला लावलं. बाबू भिंतीकडं तोंड करून उभा होता. बायकोकडं बघायची त्याची छाती झाली नाही, आणि होऊ नये तेच बरं.

"उद्या दोघींनी धाराशिवला यायचं," महालिंगप्पा म्हणाले. "डॉक्टरीणबाई डोळे तपासून भिंग ठरवतील. काडी कसली घ्यायची ते मग ठरवा. बाजारात चप्पल घेतानाही पाय घालून बघता, आणि डोळ्यांना काडीचा रंग बघून चष्मा?"

"काडी तांबडी घीन," सरुबाई जमिनीकडं बघत पुटपुटली. "आक्कासारखी न्हाय."

महालिंगप्पांनी दोन्ही चष्मे ज्याचे त्याला दिले. मथुराबाईंनी आपला चष्मा लावला आणि पहिल्यांदा सुनेकडं नीट पाहिलं. मग कमरेची किल्ली काढून पेटी उघडली आणि थेंबांची बाटली बाहेर काढली. बाबूनं हात पुढं केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"शिवकांता, हितं ये. तीन दिस झाले, डोळा ठनकाय लागलाय."

शिवकांता उठली. बाटली हातात घेतली, पण हात पुन्हा कापायला लागला. "आत्याबाई, ह्यांना टाकू द्या. माझा हात..."

"कापू दे."

मथुराबाईंनी चष्मा काढून सुनेच्या मांडीवर ठेवला आणि मान मागं टाकली. पहिला थेंब गालावर पडला. म्हातारीनं पापणी मिटली नाही. उलट आपल्याच बोटांनी डोळा आणखी उघडून धरला आणि दुसऱ्या थेंबाची वाट बघत राहिली.