शेंदराखालचा हुक

दोन हजार सहाच्या दसऱ्याची दुपार. धम्मदीक्षेचं पन्नासावं वर्ष म्हणून दिग्रसच्या स्टँडवर नागपूरच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. अश्वजितची माय, तुळसाबाई, पांढरं लुगडं नेसून सकाळीच नागपूरला गेली होती, रात्रीच्या गाडीनं परतणार होती. तो मात्र दोन बंदांची कापडी पिशवी घेऊन गावाबाहेरच्या कापसाच्या जिनिंगकडे निघाला. पिशवीत ताराचा ब्रश, घासलेटची बाटली, पाने, हातोडी. काम साधं होतं: ओझं उचलणारी साखळी-कप्पी आणि तिचा हुक तपासायचा.

पॉलिटेक्निक त्यानं दुसऱ्या वर्षी सोडलं होतं. नेहमी झोपणाऱ्या मास्तरला भर वर्गात ‘उठा’ म्हणाला होता, नापास व्हायला तेवढंच निमित्त. मग यज्ञेश्वर साहेबांकडे कामाला लागला. साहेबांकडे तपासणीचं लायसन्स होतं, तपासायची सवय नव्हती. ते मालकाचा चहा प्यायचे आणि ‘पास’ची हिरवी पट्टी डकवायचे.

“पट्टी लाव आणि ये,” साहेब म्हणाले होते. “सणासुदीचं शहाणपण नको. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

अश्वजितला शहाणपणच तेवढं येत होतं. कॉलेजनं त्याला नापास केलं. आता लोखंडाला नापास करायचं काम त्याच्या हातात होतं, आणि तो हात आजवर लटपटला नव्हता. शिवाय उद्या हंगामाचा मुहूर्त. उद्या त्या हुकाखालून कापसाची टोपली घेऊन जाणाऱ्या बायांत तुळसाबाई असणार होती.

जिनिंग गप्प होती. खंडेनवमीला पुजलेल्या यंत्रांवर झेंडूचे हार सुकत होते. सरकीचा खवट वास, तेलाचा वास. दारात खुर्ची टाकून म्हातारे मॅनेजर विठ्ठलराव बसले होते.

“पट्टी आणली ना? दे इकडे, मीच लावतो.”

“हुक पाह्यल्याशिवाय नाही लावत.”

“अबे, देव हाय तो आता. त्याले हात नोको लावू.”

“देव? कधीपासून?”

विठ्ठलरावांनी आवाज खाली आणला. “प्रेमसिंग हमाल गेला तवापासून. कापसाची गठाण वर होती, हुक उघडून राह्यलता. खाली बाया होत्या. प्रेमसिंग चढला अन् त्यानं हुक मुठीत धरला. साऱ्या बाया निघेपर्यंत सोडला नाही पोट्ट्यानं... मंग गठाणीसंगं खाली आला.”

“अन् मंग हुक बदलला?”

म्हातारा झेंडूच्या हाराकडे पाहू लागला. “दर दसऱ्याले शेंदूर लावतो. नारळ फोडतो.”

“नवा हुक आणाले पैसा लागते. देव केला का नारळावर भागते. वा काका! माणूस गेला अन् तुम्ही त्याच्या भरोशावर अजून माल लटकवून राह्यले.”

“तोंड सांभाळ बे! भाव पडेल हाय कापसाचा, अर्ध्या जिनिंग बंद पडल्या...”

“भाव पडला म्हणून माणसाच्या डोक्यावर गठाण पडू द्याची का?”

विठ्ठलराव उठले नाहीत. फक्त म्हणाले, “त्याले रिकामं नोको करू. रिकामं केलं का तो... वर नोको पाहू म्हणजे झालं.”

गठाणी बांधायच्या प्रेसच्या खोलीत दुपार पोहोचत नव्हती. वरच्या तुळईला साखळी-कप्पी, तिला केशरी गोळा झालेला हुक आणि हुकाला कापसाची एक गठाण. मागच्या हंगामापासून ती तशीच टांगलेली होती. कामाशिवाय ओझं टांगून ठेवू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. थोरांना तेवढं कळत नव्हतं.

अश्वजितनं हातसाखळी ओढायला घेतली. साखळी गरम होती. उन्हात तापल्यासारखी नव्हे. कुणी नुकतीच मुठीतून सोडावी तशी. गठाण इंचाइंचानं खाली येऊ लागली आणि त्याला ओझ्याखालच्या हमालासारखं कण्हणं ऐकू आलं.

हूं... हूं...

आपलंच असेल, असं वाटून त्यानं श्वास रोखला.

हूं...

पण त्याचा हात थांबला नाही. गठाण जमिनीला टेकली. त्यानं तिचे दोर हुकातून सोडवले. हुक रिकामा झाला. साखळीला आता ढील पडायला हवी होती.

ती ताठच होती. रिकाम्या हुकाच्या वर साखळी तारेसारखी ताणलेली.

“काका,” त्यानं हाक मारली. दारात खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग घाईची पावलं, दूर जाणारी.

“पळा,” अश्वजित पुटपुटला. “तेच येते तुम्हाले.”

त्यानं शेंदरावर घासलेट ओतलं आणि ब्रश चालवला. वर्षानुवर्षांचे थर. एकाएकी सगळं कवच एकसंध सुटलं आणि त्याच्या तळहातावर आलं. आतल्या बाजूला, लोखंडाला चिकटलेल्या बाजूला, चार बोटं आणि तळवा उमटलेला होता. रेषांसकट.

आणि हुकाला जिथं तो तळवा होता तिथंच तडा होता. नख आत जाईल एवढा. असल्या हुकानं नारळसुद्धा पेलला नसता.

अश्वजित कवच हातात धरून खाली बसला. भीती होती, नाही कोण म्हणतं? पण भीतीहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं. इतकी वर्षं या हुकाखालून माणसं सुखरूप घरी गेली. त्याची मायही गेली. त्यांना कोणा साहेबानं नाही, कोणा मॅनेजरनं नाही, एका मेलेल्या हमालानं पेललं होतं.

तो उभा राहिला. वर पाहू नको म्हणाले होते, म्हणून वर पाहिलं. अंधार होता.

“प्रेमसिंगदादा,” तो हळूच म्हणाला, “सोड आता. हुक नापास हाय. मी नापास केला. उद्या याच्याखालून कोणी जात नाही...”

वरून मोठा निःश्वास आला. साखळी खळखळत ढिली पडली. हुक, ज्याच्यावर काडीचं ओझं नव्हतं, तो त्याच्या डोळ्यांदेखत मूठ उघडावी तसा हळूहळू उघडला आणि सरळ झाला.

‘नापास’ची लाल पट्टी साहेबांनी दिलीच नव्हती. लाल फडकं बांधावं, तर उद्या म्हातारे त्यालाही हळदकुंकू वाहणार. म्हणून अश्वजितनं खीळ ठोकून काढली आणि हुकच उतरवला. हुक नाही तर प्रेस नाही. मायला उद्या इथं काम मिळणार नाही, पण ती सुखरूप घरी येईल. हुक आणि शेंदराचं कवच पिशवीत टाकून तो साहेबांच्या घराकडे निघाला.

यज्ञेश्वर साहेब ओसरीवर होते. “हे काय? पट्टी कुठं आहे?”

“पट्टी परत आणली. हुकही आणला. पाहा. आयुष्यात एकदा तरी पाहा.”

साहेबांनी हुकाकडे पाहिलंच नाही. ते पिशवीकडे पाहत होते. चढाच्या रस्त्यानं एवढं लोखंड आणूनही खांदा कसा भरून आला नाही, हे अश्वजितच्याही तेव्हाच ध्यानात आलं.

पिशवीचा एक बंद त्याच्या मुठीत होता. दुसरा बंद, ज्याला कोणी धरलं नव्हतं, तो हवेत ताठ उभा होता. आणि त्यावर नुकतीच शेंदराची चार बोटं उमटली होती.