नमुन्यातली मुलगी

मी मेले ही बातमी मला एका गुरुवारी दुपारी अडीच वाजता कळली. तेव्हा मी दुकानातल्या काउंटरवर काच कापत होते.

बातमी सांगणारा माणूस माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता, म्हणून मी ओरडले नाही. दोघांनी एकदम घाबरलं तर पाणी कोण आणून देणार?

आमचं दुकान फोटो फ्रेमचं. मागच्या खोलीत बाबा करवतीनं पट्ट्या कापतात, पुढे मी काच आणि पुठ्ठा कापते. तो आत आला तेव्हा मी खाली वाकून काचेवर रेघ मारत होते, त्यामुळे आधी मला फक्त त्याचे बूट दिसले. जाड तळाचे, झिजलेले. मग आवाज आला.

"एक फोटो मोठा करून फ्रेम करायचाय. जेवणाच्या खोलीत लावायचाय, सगळ्यांना दिसेल असा. आमचं माणूस... गेलंय."

असं गिऱ्हाईक आलं की आम्ही आवाज खाली आणतो. मी चेहरा गंभीर केला आणि मान वर उचलली.

उंच होता. उन्हावाऱ्यानं रापलेला, नाका-गालाची कातडी सोललेली, पाठीवर पिशवी. माझ्याकडे बघून तो काहीतरी बोलायला गेला आणि त्याची दातखीळ बसली. हातातलं वर्तमानपत्राचं पुडकं निसटलं. आत काच होती, ती फुटली. तो मागे सरकत सरकत थेट भिंतीला जाऊन टेकला.

"पाणी देऊ का?" मी विचारलं.

"तुम्ही... तुम्ही तर गेलात."

"कुठे?"

"वारलात," तो म्हणाला. "मागच्या हिवाळ्यात."

मी पुडकं उचललं. कागद बाजूला झाला. तडकलेल्या काचेखाली मीच होते. एकोणीस वर्षांची, केस उडालेले, बाजूला कुठेतरी बघत हसणारी. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर कुणीतरी काळी फीत चिकटवली होती.

मग डोक्यात प्रकाश पडला. आठ वर्षांपूर्वी बाबांनी दुकानाच्या दारात माझा हा फोटो काढला होता. नमुन्यासाठी. रिकामी फ्रेम खपत नाही, आत कुणीतरी हसत असलं की खपते, हे बाबांचं ठाम मत. त्यांनी त्याच्या हजारभर प्रती छापून घेतल्या, आणि तेव्हापासून आमची प्रत्येक फ्रेम माझ्यासकट विकली जाते. गावोगावची दुकानं आमच्या फ्रेमा नेतात. लोक घरी जाऊन मला काढतात, टाकून देतात आणि स्वतःची माणसं बसवतात. कितीतरी घरांच्या कचऱ्याच्या डब्यात मी हसत पडले असेन, याची मला सवय झाली होती. कुणी मला ठेवून घेईल, हे मात्र कधी मनातही आलं नव्हतं.

"हा नमुन्याचा फोटो आहे," मी म्हटलं. "काढून टाकायचा असतो."

"माझ्याकडे दुसरा कुणाचा नव्हता," तो म्हणाला.

त्याला स्टुलावर बसवून मी पाणी दिलं. मग तो बोलायला लागला, तोही नजर पेल्यात ठेवून. डोंगरावर एक हवामान केंद्र आहे. तिथे सहा माणसं वारा आणि बर्फ मोजतात. प्रत्येकाच्या पलंगाशी कुणाचा ना कुणाचा फोटो. हा नवीन, ना आई ना बाप, भावंडंही नाहीत. पहिल्या रात्री सगळ्यांनी विचारलं, तुझं कोण? यानं खालच्या बाजारात घेतलेली फ्रेम पिशवीतून काढली. म्हणाला, ही. आमचं ठरलंय.

"एवढंच बोललो होतो," तो म्हणाला. "पण तिथे करमणूक काही नाही हो. रोज विचारायचे. ती काय करते, तिनं काय लिहिलंय... मग मी पत्रं लिहायला लागलो. तुमची. मला."

"मी तुम्हाला पत्रं लिहायचे?"

"दर पंधरा दिवसांनी. वाचून दाखवायचो. स्वयंपाकी रडायचा."

मला हसावं की त्याला दुकानाबाहेर काढावं, कळेना. "आणि मग मला मारलंत कशाला?"

"यंदा सगळे लग्नाला यायचं म्हणत बसले. तारीख सांग म्हणून हटूनच बसले. माझी तर पाचावर धारण बसली. दुसरं काही सुचेचना." मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "ताप आला होता तुला. दोनच दिवस. त्रास फार नाही झाला... तसं मी होऊ दिलं नसतं."

लगेच त्यानं जीभ चावली. "माफ करा. तीन वर्षं तू म्हणायची सवय आहे."

एका परक्या माणसानं आपल्याला हलक्या तापानं मारलंय, जपून मारलंय, हे ऐकून माझा राग कुठल्या कुठे गेला. ते मला मुळीच आवडलं नाही. मला रागवायचं होतं.

"काय करायचे मी?" मी विचारलं. "जिवंत होते तेव्हा."

"नद्या मोजायचीस. मोजायचात. खोली, वेग, पूर कुठवर आला ते. एकट्या राहायचात, खिडकीखाली सायकल. साहेबांशी भांडून दोनदा बदली करून घेतलीत. चहा बिनसाखरेचा."

"दोन चमचे घेते मी."

"दोन?" त्याला खरंच आनंद झाला. "हे मला माहीतच नव्हतं."

"पोहता येत नाही. सायकल येत नाही. या गावाबाहेर एकदा गेलेय, दात काढायला."

"फोटोत तुम्ही पूर आलेल्या नदीकडे बघताय," तो म्हणाला. "यावर आमच्याकडे वाद झाले आहेत."

"काचेची गाडी रिकामी होत होती समोर. हमालाच्या डोक्यावरची टोपी उडाली."

तो हसला. गालाची सोललेली कातडी ताणली गेली आणि त्याला दुखलं, तरी हसत राहिला. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या मनात वेगळंच काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे कळल्यावर मी स्वतःच चकित झाले. मला मत्सर वाटत होता. माझाच चेहरा घेऊन ती बाई गावोगाव हिंडली, साहेबांशी भांडली, तिच्या पत्रांवर कुणीतरी जीव टाकला, ती गेली तर सहा माणसं रडली. आणि मी सत्तावीस वर्षं इथे उभी राहून दुसऱ्यांच्या फोटोंवर काच बसवत होते.

त्यात तो गुरुवार होता. चार वाजता शेजारचे काचवाले काका आपल्या मुलाला घेऊन लग्नाबद्दल माझं उत्तर ऐकायला येणार होते. मुलगा चांगला होता, लहानपणापासूनचा ओळखीचा. दोन दुकानांच्या मधल्या भिंतीत दार कुठे पाडायचं, ते बाबांनी खडूनं आखूनही ठेवलं होतं. नाही म्हणायला कारण नव्हतं, म्हणून मी हो म्हणणार होते. होकार असा नकाराच्या अभावातून येतो, हे मला त्या दुपारपर्यंत विचित्र वाटलं नव्हतं.

"आणि तुम्ही?" त्यानं विचारलं. "नद्या नाही, तर मग काय? म्हणजे... तुम्हालाच विचारलं असतं तर?"

असं मला कुणी विचारलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तोंडातून जे आलं ते मलाच नवीन होतं.

"काच," मी म्हटलं. "ती बनते कशी, ते बघायचंय. लहानपणापासून कापतेय, पण कधी गरम काच पाहिली नाही. पलीकडच्या गावात कारखाना आहे, तिथे दोन वर्षं शिकवतात. फुंकून भांडी करतात म्हणे. मागे जाहिरात आली होती, मी फाडून टाकली."

"हे मला तीन वर्षांत सुचलं नाही," तो हळूच म्हणाला. "कितीतरी छान आहे."

मी कानापर्यंत तापले. ते लपवायला फोन उचलून त्याच्यासमोर आपटला. "वर फोन लावा. आत्ता. मी जिवंत आहे म्हणून सांगा."

"अहो, त्यांना काय वाटेल?"

"मला काय वाटलं?"

त्यानं केंद्राच्या साहेबांचा नंबर फिरवला. "साहेब, मी बोलतोय... हो, पोचलो. फ्रेमच्या दुकानात आहे. साहेब, ती... ती गेलेली नाही. म्हणजे ती कधी नव्हतीच, पण ती आहे. समोर." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. घामाघूम झाला होता.

नेमके तेव्हाच काका आणि त्यांचा मुलगा दारातून आत आले. चारला दहा कमी होते, पण काकांना थांबवत नाही. आवाज ऐकून बाबाही हातात अर्धवट कापलेली पट्टी घेऊन बाहेर आले. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"मी बोलतेय," मी म्हटलं. "फोटोतली."

पलीकडे नुसता वारा. मग काहीतरी धातूचं खाली पडून गडगडत गेलं आणि कुणीतरी मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. तो स्वयंपाकी असावा.

"बाई," एक वयस्कर, दमदार आवाज आला. "त्यानं आम्हाला शेंडी लावली का?"

"तीन वर्षं."

"तुम्ही नद्या मोजत नाही?"

"काच कापते."

मग साहेबांनी विचारलं, "लग्न ठरलंय का तुमचं? खरंखुरं?"

दुकानात चार पुरुष माझ्याकडे बघत होते. मी फोनमध्येच बोलले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आज ठरणार होतं. मी नाही म्हणतेय."

बाबांच्या हातातली पट्टी खाली पडली. काका पुठ्ठ्यांच्या थप्पीवर मटकन बसले. साहेबांना थांबा म्हणून मी फोन काउंटरवर उताणा ठेवला.

"कोण हा?" काचवाल्यांच्या मुलानं विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता. मला फार वाईट वाटलं.

"अडीच वाजता ओळख झाली. याच्यासाठी नाही म्हणत नाहीये मी, शप्पथ. तू चांगला आहेस. पण मी हो म्हणणार होते ते फक्त दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. तुला असं कुणी हो म्हटलेलं चालेल?"

तो विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "नाही. चालणार नाही," आणि वडिलांना हाताला धरून उठवलं. काका जाताना चारदा मागे वळून बघत होते. त्यांचं दुःख दुकानाचं होतं की माझं, ते त्यांनाही ठरवता येत नव्हतं.

बाबा तसेच उभे. "पोरी," ते म्हणाले, "तू कधी बोलली नाहीस."

"मलाच माहीत नव्हतं, बाबा. मला कारखान्यात शिकायला जायचंय. दोन वर्षं."

"कारखान्यात," ते म्हणाले. ते भिंतीवरच्या खडूच्या रेघांकडे बघत राहिले आणि मग माझ्याकडे. रागावले असते तर सोपं गेलं असतं. ते नुसतेच हादरले होते. "भट्टी असते तिथे. हात भाजतात," एवढं बोलून ते आत गेले, पण त्यांनी करवत सुरू केली नाही.

मी काय करून बसले होते? आणि तो वेडा माणूस एखाद्या गुन्हेगारासारखा भिंतीशी उभा होता.

"मी जातो," तो म्हणाला. "तुमचं सगळं... मी फक्त फ्रेम घ्यायला आलो होतो."

"ती कशी होती?" मी विचारलं. "तुमची ती. आवडायची?"

"फार," तो म्हणाला. "पण ती कधी उलट बोलली नाही. मी लिहीन तेच बोलायची. तुम्ही तासाभरात मला सहा वेळा चूक ठरवलंत." त्यानं पाठीवरची पिशवी सावरली. "तिच्यासाठी मी महिनाभर जेवलो नव्हतो धड. आणि आत्ता... मला तिची आठवणच येत नाहीये. याला काय म्हणायचं, मला कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. निदान मोठ्यानं सांगण्याइतकं तरी. काउंटरवरून फोनमधला आवाज ओरडत होता. त्यानं तो कानाला लावला, ऐकलं आणि हळूहळू लाल झाला.

"काय म्हणतात साहेब?"

"म्हणतात... तुमची माफी मिळाल्याशिवाय वर पाऊल टाकायचं नाही. हुकूम आहे."

"रजा किती आहे तुमची?"

"अकरा दिवस."

"मला राग उशिरा येतो," मी म्हटलं. "आणि अजून तर सुरुवातही झालेली नाही. अकरा दिवसांत कसं व्हायचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या डोळ्यांत आता भीती नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. "मग किती मागू?" त्यानं फोनवर हात ठेवून विचारलं.

"उन्हाळाभर मागा. आणि उद्या सकाळी मी कारखाना बघायला जाणार आहे. यायचं असेल तर या. पण वाटेत माझ्या वतीनं एक शब्दही बोलायचा नाही."

त्यानं हात काढला. "साहेब," तो फोनमध्ये म्हणाला, "उन्हाळाभर."